पडत राहणारी माणसं

माझ्या वडिलांना कुणी उचललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तापानं फणफणले तरी ते स्वतःच्या पायांनी दवाखान्यात जायचे आणि डॉक्टरांनाच चार गोष्टी सुनावून परत यायचे. पेणला आमचा गणपतींचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, फळ्यांवर रांगेनं मूर्ती आणि शेवटच्या खिडकीशी मांडी घालून बसलेले बाबा. त्यांचं काम एकच, डोळ्यांची आखणी. साचा, घासकाम, रंग, दागिने हे सगळं माझा चुलतभाऊ आणि कामगार करतात. बुबुळ मात्र बाबांनीच काढायचं, असा आमच्याकडे रिवाज.

मागच्या हिवाळ्यात त्याच शेडमध्ये ते ओल्या लादीवर घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, आता उभं करायचं. पण उभं करायचं म्हणजे दोघांनी दोन्हीकडून काखेत हात घालून उचलायचं, आणि बाबा ते कुणाला करू देईनात.

"माणसांनी धरून उभा करायला मी काय मूर्ती हाय? नाय जमायचं."

पाय हलवून घ्यायला एक फिजिओथेरपीवाली मुलगी यायची. पंधरा दिवस तिनं गोड बोलून पाहिलं. मग एक दिवस स्पष्टच सांगितलं, "काका, अंतराळवीरांचं होतं तेच तुमचं होतंय. अंगाचा भार पायांवर आला नाही की हाड झिजतं, पाय वाळतात. आणखी महिनाभर असेच पडून राहिलात तर मग उभे राहू म्हटलंत तरी राहता येणार नाही."

मी रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवते, राहते शेजारच्या अष्टमी गावात. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पेणला जायचं हे तेव्हा ठरलेलं होतं. अंतराळवीर हा शब्द कानावर पडला आणि माझ्यातली विज्ञानाची बाई जागी झाली. आपल्या देशातला एक जण नुकताच अंतराळ स्थानकावर राहून आला होता, त्यामुळे वर्गात तोच विषय चालू होता. मोबाइलमध्ये व्हिडिओ भरलेले होतेच. म्हटलं, बाबांना दाखवावेत. वर राहून पाय कसे वाळतात ते बघतील, घाबरतील आणि उठतील.

बाबा घाबरले नाहीत. ते हरखून गेले.

पहिल्या व्हिडिओत एका बाईनं पिशवीतून पाणी पिळलं, तर त्याचा गोळा होऊन तो तिच्यासमोर थरथरत राहिला. बाबांनी मोबाइल नाकाशी धरला. "पुन्हा लाव गो," म्हणाले. मग सात-आठ वेळा तेच. भिंतीला बांधलेल्या पिशवीत उभ्यानं झोपणारा माणूस त्यांनी पाहिला. झोपेत त्याचे दोन्ही हात आपोआप वर येऊन समोर तरंगत होते. पावाचा चुरा उडून यंत्रात शिरतो म्हणून ती माणसं पोळीत गुंडाळून जेवतात, हे कळल्यावर त्यांना फार बरं वाटलं. झोपलेल्या माणसाच्या तोंडाशी पंखा लागतो, नाहीतर त्यानंच सोडलेला श्वास नाकाशी साचून राहतो, हे मी सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी नाकाशी हात धरून स्वतःचा श्वास तपासला. खरं सांगते, वीस वर्षं हे शिकवतेय. पण सोडलेला ऊन श्वाससुद्धा हलका होऊन आपल्यापासून दूर जातो तो वजनाच्या कृपेनं, हे त्या खाटेशी बसून मला पहिल्यांदा जाणवलं.

"तिथं पृथ्वी ओढत नाय काय?" त्यांनी विचारलं.

"ओढते की. चांगली ओढते. ते पडतच असतात, बाबा. पण पुढेही इतक्या जोरात जातात की जमीन लागतच नाही. सगळंच एकदम पडतंय, म्हणून सगळं तरंगतं."

"म्हणजे ती माणसं सारखी पडतायत?"

"सारखी."

"आणि मी एकदाच पडलो तर ही गत!" असं म्हणून ते हसले. पडल्यापासून पहिल्यांदा हसले.

मग दर शनिवारी प्रश्न तयार असायचे. तिथं ब्रशवरचा रंग ओघळेल का? नाही ओघळणार. आणि तिथं गणपती बसवला तर विसर्जन कसं करायचं? हे मला आधी स्वतःशीच मांडून बघावं लागलं. तिथं मूर्ती बुडणार कशी? बुडायला खाली असावं लागतं. पाणीच देवाला चिकटेल, चहूबाजूंनी गुंडाळून बसेल, आणि दोघं मिळून तरंगत राहतील. हे मी सांगितलं तेव्हा बाबांनी डोळे मिटून हात जोडले. वर्गात मला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता.

पण मी विस्तवाशी खेळत होते, हे माझ्या लक्षात आलं नाही. पुढच्या शनिवारी गेले तर बाबा उशीला टेकून आडवे, हातात बारीक ब्रश, आणि चुलतभाऊ छोटी मूर्ती त्यांच्या तोंडावर वाकवून धरून उभा. परदेशी जायच्या मूर्तींचे खोके भरायचे होते आणि आखणी अडली होती.

"तूच म्हणालीस ना, वर उभं-आडवं कायपण नसतं?" बाबा म्हणाले. "मग मी झोपून आखणी केली तर काय बिघडलं?"

मी संतापले. फिजिओवालीनं दिलेला महिना संपायला दहा दिवस उरले होते, आणि खाटेवर राहायचं कारण मीच त्यांना आणून दिलं होतं. पण त्यांचा हात इतका स्थिर चालला होता की थांबवावंसं वाटेना. तेल लावायला म्हणून पायाशी बसले. जन्मभर मांडी घालून घोट्यांवर आलेले त्यांचे काळे घट्टे मऊ पडून सोलून निघाले होते. वर राहणाऱ्यांच्या तळव्यांचं असंच होतं, हे मला माहीत होतं. मला रडू आलं.

संध्याकाळपर्यंत अकरा मूर्ती झाल्या. भावानं त्या समोरच्या फळीवर ओळीनं सरळ मांडल्या आणि मी खाली जमिनीवर बसून पाहिलं. एकही गणपती माझ्याकडे बघत नव्हता. अकराच्या अकरा माझ्या डोक्यावरून पलीकडे, भिंतीकडे बघत होते.

आखणीचं गमक असं की देव वर बसतो आणि माणूस खाली, म्हणून बुबुळ पापणीखाली किंचित उतरतं ठेवायचं. भावानं मूर्ती बाबांच्या तोंडावर वाकवून धरली, बाबांनी मूर्तीची नजर आपल्या नजरेला मिळवली, आणि बुबुळ मधोमध बसलं. मूर्ती सरळ केली तशी नजर खालच्या माणसाच्या डोक्यावरून उडाली. बाबांना ते खाटेवरूनही कळलं. पन्नास वर्षांत त्यांचा डोळा चुकला नव्हता. "पुसून टाक," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चहासुद्धा घेईनात. दुसरं काही सुचेना म्हणून मी एक व्हिडिओ लावून मोबाइल त्यांच्या उशीशी ठेवला. त्यात माणसांना उचलतात, बाबा चिडतील म्हणून तो मी मुद्दाम टाळला होता. यान परत येतं, झाकण उघडतं आणि आतल्या माणसांना बाहेर काढतात. महिनोन्‌महिने वर राहिलेली, पट्ट्यांनी स्वतःला बांधून रोज दोन-दोन तास व्यायाम केलेली ती धट्टीकट्टी माणसं. त्यांना मान धरवत नाही, पाय टेकवत नाहीत. चौघं जण एकेकाला खुर्चीसकट उचलून नेतात. आणि उचलला गेलेला तो माणूस चक्क हसत असतो, हात हलवत असतो.

बाबा कुशीवर वळले. एकदा पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं.

"यांनापण उचलतात?"

"सगळ्यांना. मग हळूहळू चालायला शिकवतात."

"आणि हा हसतोय."

"जमिनीवर आला ना, बाबा."

त्यांनी मोबाइल उशीखाली सरकवला. मग भावाला हाक मारली आणि आमच्या दोघांकडे न बघता म्हणाले, "उचला मला."

भावानं उजवीकडून काखेत हात घातला, मी डावीकडून. पाय लटपटले, आणि मग तळवे लादीवर टेकले. एवढ्या दिवसांत वाळलेला माणूस, मला वाटलं हलका असेल. पण माझा खांदा असा दबला की मीच कशीबशी उभी राहिले.

"बाबा, टाका सगळा भार," मी म्हटलं.

"टाकलाय गो," ते म्हणाले.