माटोळीखालची आते

अख्ख्या पेडणे तालुक्यात माझ्या आतेइतका संशयी प्राणी दुसरा नाही, आणि तिचा सगळ्यात जुना संशयित म्हणजे पेन्सिल. कोरगावात बालवाडीची बाई म्हणून तिचं आयुष्य गेलं, पण चिमुरड्या हातात पेन्सिल दिसली की कोयता दिसल्यासारखी दचकते. माणसाचं तोंड ती बघतच नाही, बोटं बघते. माझ्या चुलतबहिणीला बघायला आलेल्या मुलाला तिने चहाआधी अबोलीची फुलं आणि दोरा दिला, वळेसर करून दाखव म्हणाली. फुलं चुरगळली तशी आत येऊन कुजबुजली, "हेची सही दुसरोच कोण करीत असतलो."

तिच्या बालवाडीत 'क' येतो, पण सगळ्यात शेवटी. आधी वाल सोलायचे, मग अबोली ओवायची, मग केवणीच्या सालीच्या दोराने गाठी मारायच्या, मग रेतीत बोटाने गिरवायचं. आते बोटं दाबून ज्या दिवशी "हां" म्हणेल, त्या दिवशी पेन्सिल. तीन वर्षांच्या पोरांकडून ठिपके जोडून पानंच्या पानं भरून घेणाऱ्या नर्सऱ्यांविरुद्ध डिचोलीच्या बाजारात पत्रकं वाटणारी मी, पण सरळ सांगते, पोरांनी सोललेले वाल दुपारी आतेच्या उसळीत दिसले की मलाही संशय यायचा. हे शिक्षण की फुकटचे मजूर? विचारलं तर म्हणाली, "गप खा. मीठ कमी जाला काय?"

मला आला तो संशय एका आईलाही आला. ही दोडामार्गची, नवरा खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर. एका सकाळी मुलीचा हात धरून ती दारातच उभी राहिली.

"बाई, माझां चेडू हय वाल सोलूक येता की लिहूक? शेजारच्या झिलाची वही भरली."

"ती कोणी भरली, ता आधी विचार," आते म्हणाली.

बाकीची मुलं पिवळ्या बसने म्हापशाच्या नर्सरीत जाऊ लागली होती. ही गेली की बालवाडीला कुलूप, हे आतेला ठाऊक होतं. ती म्हणाली, "चवथीक माझ्या घरा ये. माटोळेचो नारळ तुझां चेडू बांधतला. पडलो तर चेडवाक घेवन जा. नाय पडलो तर ऱ्हवंदी." आईने मान हलवली.

माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट; तिच्यात काकड्या, दोडकी, सुपारीचे घड, आणि मधोमध त्या मुलीने बांधलेला नारळ. आरतीला अख्खा वाडा आला आणि भिंतीला चिकटला. देवाकडे कोणी बघेना, सगळे वर. समई सरकवायच्या निमित्ताने भटजीही सरकले. आते मात्र पाट घेऊन नेमकी नारळाखाली बसली आणि टाळ वाजवू लागली.

"बाई, सरका गे," आईच कळवळली.

"चेडू तुझां, आणि भियेव तुकाच?"

नारळ पडला नाही. आतेने मागाहून स्वतःची एक गाठ मारली असणार, याची मला खात्री होती. पाहुणे गेल्यावर स्टुलावर चढून बघितलं. एकच गाठ होती, वाकडी, दगडासारखी घट्ट.

आणि चतुर्थी सरताच ती मुलगी पिवळ्या बसमध्ये चढली. शब्द दिला होता तरी. मी संतापून पत्रक लिहायला बसले, तर आतेने कागद ओढून घेतला. "मी गेल्लंय बघूक," ती म्हणाली. "बुटाची नाडी सुटली तिची. बसच्या पायरीर बसान आपली आपण बांधल्यान."

बालवाडीला कुलूप लागलं. गणपती गेले, माटोळीची बाकीची फळं उतरली, चौकटीला तो नारळ तेवढा एकटा वर राहिला. कोणी काढायला गेलं की आते म्हणते, "जेणां बांधलो, तेणांच सोडूचो." आता त्याला कोंब फुटलाय. आते त्याच्याखाली एकटीच वाल सोलत बसते. बसचा हॉर्न वाजला की तिचे हात थांबतात. ती आधी दाराकडे बघते, मग वर.