आईचं नाक

बांगड्याचा कल्ला उघडून हुंगला की पूर्णगडच्या जेटीवरची ती सकाळ आठवते. नुसत्या वासावर मासळी पारखणाऱ्या माझ्या आईने त्या दिवशी विकायला पाटीभर नासके बांगडे उचलले. बाजारात गिऱ्हाइकं अंगावर आली, तशी मीही सगळ्यांदेखत ओरडले, "नाक हाय का नाय तुला?" कल्ला पुन्हापुन्हा नाकाशी नेत ती पुटपुटली, "वासच येत नाय गो." मला तो बहाणा वाटला. काही वर्षांनी तिचे हात थरथरू लागले. डॉक्टरांनी मला विचारलं, "वास येत नाही असं कधी म्हणाल्या होत्या? कंपवातात तो बऱ्याचदा कितीतरी आधी जातो." आई माझ्याकडेच बघत होती. मी "नाही" म्हटलं. आता आई नाही; घ्यायचा नसला तरी रोज एक बांगडा मी हुंगून बघते.