किंमत नसलेला रुपया

चांगला रुपया देऊन खोटा विकत घेणारा माणूस खानदेशात शोधून सापडायचा नाही, तो माझ्याच बापाला कसा सापडला, असा प्रश्न बायकोने लिंबायतच्या भर बाजारात मला विचारला. गोष्ट नव्वदीतली, आम्ही पोटासाठी खानदेश सोडून गुजराती मुलखात राहत होतो तेव्हाची. शेजारच्या गिऱ्हाइकाचा रुपया भाजीवालीने परत केला होता. मी त्याला माझा दिला आणि तो घेतला. त्याच्या दोन्ही बाजूंना सिंह होते. एकीकडे नेहमीसारखे उठावाचे, दुसरीकडे तेच उलटे, आत रुतलेले. रुपया हा शब्द कुठेच नाही.

"किंमतच नाही. मग हा कितीचा, अहो?"

टांकसाळीत अशी चूक होते, एवढं मला ठाऊक होतं. आधीचं नाणं साच्यालाच चिकटून राहिलं, की पुढच्यावर त्याचा असा उलटा ठसा बसतो. दिवसभर मी उधन्याच्या कापडगिरण्यांत ताके तपासायचो आणि कापडातली चूक दाखवून भाव पाडायचो. संध्याकाळी घरी येऊन चुकलेली नाणी पुसायचो. ह्यात विसंगती आहे, हे मला सोडून सगळ्यांना दिसत होतं.

बायकोच्या भावाची लोखंड कातायची लेथ होती. त्याने नाणं उजेडात धरलं. "दाजी, प्रेसमध्ये दोन नाणी दाबली की झालं. कोणीतरी तुम्हाला बनवलं."

कोणीतरी म्हणजे भाजीवाली, नाहीतर तिचं गिऱ्हाईक! तेव्हाच मी ठरवलं, हे नाणं तपासून घ्यायचंच. अशी चुकीची नाणी पारखून, दर्जा ठरवून देणारे लोक अमेरिकेत आहेत, असं वाचलं होतं. आमच्या गल्लीतल्या हिऱ्यांच्या दलालाचा भाऊ तिकडे जायचा. दलालाने भिंगातून पाहिलं, म्हणाला, "सिक्को साचो लागे छे," म्हणजे नाणं खरं वाटतं, आणि भावाबरोबर पाठवायला हिऱ्यासारखी कागदाची पुडी बांधली. फी मी भरली. त्या पैशांत बायकोला घ्यायचा ठरलेला मिक्सर पुढच्या वर्षावर गेला.

मग कित्येक महिने काहीच नाही. मेहुणा आला की चहाआधी विचारायचा, "दाजी, रुपया अमेरिकेत रमला का?" बायको हसायची. मी पण हसायचो, जरा उशिरा. पण दलालाच्या दारात जाणं काही सोडलं नाही.

शेवटी नाणं आलं. पारदर्शक डबीत कायमचं बंद, आत चिठ्ठी. त्या चिठ्ठीतलं इंग्रजी मी बायकोला मराठीत वाचून दाखवलं: अस्सल, टांकसाळीतलीच चूक. दर्जा मधलाच आला होता, तेवढं मी वाचलं नाही.

मेहुण्याने डबी वाजवून पाहिली. "अशा डब्या उधन्यात पोत्याने बनतील. पक्कड आणा, उघडून बघू."

मी काही बोलायच्या आत बायकोने डबी त्याच्या हातातून काढून घेतली.

"भाऊ, आमचा मिक्सर आहे तो. पक्कड लावायची असेल तर तुझ्या लेथला लाव."

आणि तिने ती डबी शोकेसमध्ये, लग्नात आलेल्या काचेच्या ग्लासांच्या पुढे, भावाला खुर्चीतून दिसेल अशी उभी केली.