वाढ्याचं झाड

पलूसला ती एसटीत चढली. काखेत उसाच्या वाढ्याचा, म्हणजे हिरव्या शेंड्यांचा भारा, त्याला रंगीत चिंध्या बांधलेल्या. एकेक पान ती बोटांनी सरळ करत होती.

कंडक्टर खेकसला, "म्हशीचा चारा गाडीत चालायचा न्हाई. उतरा खाली."

"आवं दादा, चारा न्हाई, नाताळाचं झाड हाय. घरी पोरं वाट बघत्यात."

गाडी हसली. प्लॅस्टिकच्या झाडाचं खोकं शेजारच्या सीटवर बसवलेल्या एक बाई म्हणाल्या, "रात्री म्हशीनं खाल्लं तर?"

"खाऊ द्या की. येशू गोठ्यातच जन्मला. त्याला वळखीचं वाटंल."

माझं डोकं तापलं. तरुणपणी मीही त्या बाईंसारखीच दीडशहाणी. साताऱ्याच्या उन्हात सुरूच्या फांदीला कापूस चिकटवून बर्फ करायची आणि साध्या गवताचा गोठा मांडणाऱ्यांना नाकं मुरडायची. बर्फ मी पाहिला होता तो फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर.

"खोक्याला सीट आणि हिला रस्ता?" मी कंडक्टरला विचारलं. "त्या खोक्याचं तिकीट दाखवा आधी. नाहीतर भारा माझ्या मांडीवर येईल."

तो पुढच्या सीटची तिकिटं फाडायला वळला. भारा मांडीवर आला. पानांवरची बारीक काटेरी कूस टोचून सांगलीपर्यंत माझं अंग खाजत राहिलं आणि कंडक्टरवर तोंड चालू राहिलं.

उतरताना भारा उचलत ती हळूच म्हणाली, "आज्जी, घरी जाऊन आंघोळ करा. आन् त्या कंडक्टरला आता सोडा, नाताळ हाय."