आजचा सुविचार

नव्वदच्या दशकात, आठवीत, आम्हाला इंग्रजी शिकवणारे सर शिकवायचे छान, यात वाद नाही. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, असा त्यांचा खाक्या. गाढव, डुक्कर ही तर त्यांच्याकडची लाडाची नावं. खरंच चिडले की थेट मुलांच्या आईबापांपर्यंत पोचायचे.

माझ्या बाकावरची मैत्रीण पवनारहून बसने यायची. घरी दोन म्हशी होत्या. सकाळचं शेण काढून ती निघायची. एक दिवस बस उशिरा आली. दारात उभ्या असलेल्या तिला सर म्हणाले, "मायबापानं शेण उचलाले पैदा केली तुले, इथं कायले मराले येतं?" वर्ग खदखदून हसला. मीही हसले. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

दुसऱ्या दिवसापासून ती येईना. मी मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले, तर त्या म्हणाल्या, "सरांच्या तोंडात असतं गं, मनात नसतं." माझं डोकंच फिरलं. तोंड काय भाड्याने आणलं होतं?

रविवारी नालवाडीच्या आमच्या घरून मी पवनारला गेले. ती गोठा झाडत होती.

"सरचं सोड," ती म्हणाली, "तू काऊन हासली वं?"

ती पुन्हा झाडू लागली.

"मी नाई येत आता. बाबा म्हणते, घरीच राह्य."

म्हणजे तिची शाळा सुटल्यातच जमा होती.

आमच्याकडे परिपाठाआधी ऑफिसबाहेरच्या फळ्यावर रोज एक सुविचार लिहायचा, खाली तो ज्यांचा त्या थोरांचं नाव, आणि मग माईकवर वाचायचा. अक्षर बरं म्हणून ते काम माझ्याकडे होतं. सोमवारी मी पिवळ्या खडूने सरांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. खाली लिहिलं, 'इंग्रजीचे सर, आठवी ब'. प्रार्थना संपल्यावर माईकवर वाचलं. एकही शब्द गाळला नाही. वर्गात ज्या वाक्याला सगळे हसले होते, त्याला मैदानावर कोणी हसलं नाही.

सर धावत आले. "पूस ते! हे काय फळ्यावर लिहाची गोष्ट हाये काय?"

"मंग वर्गात बोलाची कशी झाली, सर?"

मी पुसलं नाही. शेवटी त्यांनीच खिशातल्या रुमालाने पुसलं. मला दिवसभर ऑफिसबाहेर उभं केलं, माझ्या बाबांना बोलावलं, वर माफी माग म्हणाले. चोराच्या उलट्या बोंबा! "आधी सर तिची माफी मागतीन, मंग मी," एवढंच मी म्हणत राहिले. ना त्यांनी मागितली, ना मी.

बसमधल्या पोरींनी बातमी त्याच संध्याकाळी पवनारला पोचवली. बुधवारी ती आली, घरी बापाशी भांडून. आणि बस नेमकी पुन्हा उशिरा.

"आत येऊ का, सर?" तिने दारातून विचारलं.

सरांनी घड्याळ पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं. मी दप्तरातून पिवळा खडू काढला आणि त्यांना दिसेल असा बाकावर ठेवला.

"ये, बस," सर म्हणाले.