मेळघाटच्या अस्वलाची गोष्ट

सत्त्याण्णव साल होतं आणि मी बासष्टचा. आज मासळीचा वास आला आणि परदेशातल्या डनीडिनचा तो किनारा पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहिला.

लेक तिथं नर्स होती. तिच्या सहा वर्षांच्या इराला मी रोज फुशारकीनं सांगायचो, की मेळघाटात अस्वल अंगावर आलं, पण मी पळालो नाही. डोळे वटारून उभा राहिलो, तेव्हा तेच पळालं.

एका दुपारी आम्ही दोघं किनाऱ्यावर असताना वाळूतला काळा खडक हलला. अस्वलाएवढा सी लायन, म्हणजे समुद्रसिंह! डरकाळी फोडत तो इराकडे धावला. त्याला पाण्यात जायचं असेल, आम्ही वाटेत होतो, हे आज कळतं. तेव्हा फक्त त्याचे पिवळे दात दिसले आणि सडक्या मासळीचा भपकारा आला. पोर मात्र मुठी आवळून, डोळे वटारून उभी!

"पळ, इरा, पळ!"

ती हलेचना.  मी धावलो, तिला काखोटीला मारलं आणि पायातल्या जँडल्स, म्हणजे तिकडच्या रबरी चपला, तिथंच टाकून पळत सुटलो.

"यू सेड डोन्ट रन, आजोबा!" ती रडत ओरडली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मांडीवर घेतलं आणि बायकोलाही कधी न सांगितलेलं सांगितलं: मेळघाटातही मी हातातली कुऱ्हाड टाकून पळालोच होतो.