बाटलीबाई आणि धाकटीची विहीर

तिला सगळे बाटलीबाई म्हणायचे. वीस वर्षं ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. लोकांच्या खासगी विहिरींचं पाणी बाटलीत भरून आणायचं आणि रिकाम्या बाटल्या धुऊन निर्जंतुक करायच्या, हे तिचं काम. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पंपाच्या तोटीतून आधी पाच मिनिटं पाणी सोडून द्यायची. तोटी ज्योतीवर भाजायची. बाटलीचं झाकण खाली ठेवायची नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला कुणाचं बोट लागलं की ती बाटली बाद.

"विहीर बिचारी चांगली असते," ती म्हणायची, "आणि बोटाचं पाप तिच्या नावावर लागतं."

अशा बाईने एकदा स्वतःच बोट घातलं. कारण धाकटी जाऊ.

दोन भावांची घरं शेजारी होती. मधे कमरेएवढी भिंत, दोन अंगणं, दोन विहिरी. बाटलीबाईच्या विहिरीचं पाणी जड. साबणाला फेस येत नसे आणि किटलीच्या बुडाशी पांढरा थर बसे. धाकटीचं पाणी गोड. पाहुणा बाटलीबाईकडे बसायचा आणि पाणी धाकटीकडचं प्यायचा. परक्याचं काय घेऊन बसलात, खुद्द नवरा बाहेरून आला की भिंतीपाशी थांबायचा. धाकटी न सांगता तांब्या पुढे करायची.

"आपल्या घरात काय पाणी नाही?" बाटलीबाई विचारायची.

"आहे की," तो म्हणायचा. "पण ते चावून खावं लागतं."

धाकटीचे गुलाबही नजर लागण्यासारखे. मुलगा आईच्या शब्दाबाहेर नाही. बाटलीबाईची एकुलती मुलगी लांब राहायची आणि फोनवर "नंतर बोलते" म्हणायची. धाकटीचं काही बरं झालं की हिच्या पोटात दुखायचं. हिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. पण न सांगताच सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वी धाकटीच्या विहिरीचा नमुना घेताना तिने इकडे तिकडे पाहिलं. गुलाबाच्या आळ्यातल्या मातीत बोट बुडवलं आणि बाटलीच्या तोंडात फिरवलं. झालं. पाण्यात जंतू निघाले. विहीर उपसली, क्लोरीनची पावडर टाकली. आठवडाभर धाकटी कळशी घेऊन हिच्या दारात. तो आठवडा बाटलीबाईला सणासारखा गेला.

धाकटीचा मुलगा मात्र संतापला. "इतकी वर्षं जंतू नव्हते, आत्ताच कुठून आले? काकूचंच काम आहे हे."

बाटलीबाईने मुलीची शपथ घेतली. पुरावा कुणाकडे होता? पण त्या दिवसापासून आपल्या विहिरीला काकूने हात लावायचा नाही, असं मुलाने ठरवलं. दुसऱ्या कुणाला बोलवायचं राहून गेलं. विहीर चार वर्षं तपासलीच गेली नाही.

मग धाकटीला नातू झाला. झालं, आता एवढंच राहिलं होतं, बाटलीबाईला वाटलं. आईचं दूध पुरेना म्हणून बाळाला पावडरचं दूध सुरू झालं. धाकटी आपलं गोड पाणी वीस मिनिटं खळखळून उकळायची आणि त्यात पावडर कालवायची. बाटलीबाई भिंतीआडून बघायची.

बाळ दोन महिन्यांचं झालं तेव्हा तिने त्याला पहिल्यांदा उजेडात जवळून पाहिलं. ओठ राखेसारखे. नखं निळसर.

"आजोबांवर गेलाय, सावळा आहे," धाकटी म्हणाली.

बाटलीबाईची नजर विहिरीकडे गेली. कठड्याला लागूनच शेणखताचा ढीग होता, गुलाबांसाठी. चार वर्षांत तो भिंतीएवढा झाला होता.

घरी नवऱ्याच्या तांब्यात धाकटीकडचं पाणी उरलं होतं. तिने त्यात प्रयोगशाळेतली नायट्रेट मोजायची पट्टी बुडवली आणि एक मिनिट थांबली. पट्टी गडद गुलाबी झाली. डबीवरच्या तक्त्यात त्याहून गडद रंगच नव्हता.

आधी तिला आनंद झाला. खोटं कशाला बोला, चांगला झाला. मग वीस मिनिटांचं उकळणं आठवलं. उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, ते तेवढंच राहतं. धाकटी जितकं जपत होती, तितकं ते दाट होत होतं. आणि तान्ह्या बाळाच्या रक्तात ते शिरलं की त्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही.

ती भिंत ओलांडून गेली. या वयात, साडी खोचून.

"बाळाला हे पाणी देऊ नकोस. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने."

धाकटीने दुधाची बाटली खाली ठेवली नाही. "पुन्हा सुरू झालं का जाऊबाई? तेव्हा विहिरीवर उठलात, आता नातवावर?"

"काकू, तुम्ही घरी जा," मुलगा म्हणाला.

"ऐक माझं."

"तेव्हाही ऐकलं होतं."

बाटलीबाईने कठड्याचा आधार घेतला. "तेव्हा बोट मीच घातलं होतं. मातीचं. शपथ खोटी घेतली." तिने पट्ट्यांची डबी पुढे केली. "बोटाने जंतू येतात रे. नायट्रेट बोटाने येत नाही, ते या शेणखतातून झिरपतं. ही डबी घे. मी लांब उभी राहते. तूच पाणी काढ, तूच पट्टी बुडव."

मुलाने पट्टी बुडवली. पट्टीचा रंग पाहून सून रडायला लागली. धाकटीने हातातलं दूध मोरीत ओतलं.

डॉक्टरांनी बाळाला चार दिवस ठेवून घेतलं. बाळ गुलाबी होऊन घरी आलं. शेणखत हलवलं, पण विहीर निवळायला वर्षं लागणार होती. बाटलीबाईची विहीर चढाच्या वरच्या अंगाला. पाणी जड, पण नायट्रेट पंधरा. पंचेचाळीसच्या मर्यादेच्या खूप आत. बोटाचं तिने प्रयोगशाळेतल्या साहेबांनाही सांगितलं. त्यांनी तिच्याकडून नमुन्यांचं काम काढून घेतलं. आता ती फक्त बाटल्या धुते.

गल्लीत मात्र बोलबाला झाला तो धाकटीचा. केवढं मन! एवढं होऊनही जावेला माफ केलं! दुकानात, दवाखान्यात, जिकडे तिकडे तेच. बाटलीबाईच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं.

धाकटी रोज सकाळी कळशी घेऊन येते. बाटलीबाई पाणी काढते. भरण्याआधी धाकटी कमरेची डबी काढून पट्टी बुडवते आणि मिनिटभर घड्याळाकडे बघते.

"माफ केलंस ना गं?" एकदा बाटलीबाईने विचारलं.

"केलं की. माफ केलं म्हणजे विश्वास ठेवला, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

बाटलीबाई कळशी भरत राहिली. एवढी अक्कलसुद्धा देवाने हिलाच द्यावी!